सर्वानुमते मंजूर

कोणत्याही गावच्या शाळेतील इतिवृत्ताची वही उघडून पाहावी. ठराव शौचालयाच्या दुरुस्तीचा असो, पोषण आहाराच्या धान्याचा असो, की अध्यक्षाच्या निवडीचा असो. वर सूचकाचे नाव, त्याखाली अनुमोदकाचे नाव, आणि शेवटी दोन शब्द ठरलेले: सर्वानुमते मंजूर. त्यानंतर सह्या व आंगठे. लिहिणाऱ्याच्या हाताला हे शब्द इतके सवयीचे झालेले असतात की, सभा संपण्यापूर्वी, आणि कधी कधी तर सभा भरण्यापूर्वीच, ते लिहून झालेले असतात. ह्या दोन शब्दांविषयी आज वाचकांपुढे एक प्रश्न ठेवावयाचा आहे. ज्या बाईने सभेत एक अक्षरही उच्चारले नाही, परंतु जिचा आंगठा वहीत उमटला आहे, तिला ह्या ‘सर्व’ शब्दात मोजण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त झाला?

मौन हे संमतीचे लक्षण होय, असे एक जुने वचन आहे आणि लोक ते सहज बोलून जातात. मात्र हे वचन तोंडी असणारी माणसे बहुधा तीच असतात, ज्यांना दुसऱ्याच्या मौनाची गरज असते. घरातील लहानसहान गोष्टींत त्याने काम भागत असेल. परंतु जेथे दहाबारा माणसे बसून साऱ्या गावाच्या मुलांविषयी ठरवितात, तेथे हे वचन लागू करण्यापूर्वी ते मौन कोणत्या जातीचे आहे, याची चौकशी करणे प्राप्त आहे. माणूस पटले म्हणून गप्प बसतो. कळले नाही म्हणूनही गप्प बसतो. बोलल्यास उद्या सावकार, ठेकेदार किंवा गुरुजी आपल्यावर रुष्ट होतील, ह्या भयानेही बसतो. आणि पूर्वी दोनदा बोलून काही झाले नाही, हे पाहून थकल्यामुळेही बसतो. वहीत मात्र ह्या सर्वांची नोंद एकाच शब्दाने होते.

आता कायद्याने काय व्यवस्था करून ठेविली आहे ती पाहू. २००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्याप्रमाणे सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांस व्यवस्थापन समिती असावी, तिच्या सभासदांपैकी निदान तीन चतुर्थांश हे पालक असावेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल व वंचित गटांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असे ठरले. शाळेचे कामकाज पाहणे, शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे, आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ह्यावर लक्ष ठेवणे, ही समितीची कामे. केंद्र सरकारने काढलेल्या नमुना नियमांत तर महिन्यातून निदान एकदा सभा भरावी, आणि तिचे इतिवृत्त नीट लिहून लोकांस पाहावयास मोकळे असावे, असेही आहे. म्हणजे जंगलातील एखाद्या टोल्यावर राहणारी, मोहफुले व तेंदूपाने वेचून पोट भरणारी माता ही आज आपल्या मुलाच्या शाळेची कायदेशीर कारभारीण आहे. एवढा अधिकार आपल्या आजीपणजीस स्वप्नातही मिळाला नव्हता. कायद्याने तिला सतरंजीवर आणून बसविले. तिला बोलते करण्याचे काम मात्र कोणत्याही कायद्यास करता येत नाही.

याचे पहिले कारण भाषा. आपल्या ह्या दोन जिल्ह्यांत सभा बहुधा मराठीत चालते, आणि तीही कचेरीच्या मराठीत. भामरागडाकडे घरची बोली माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यास तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि चामोर्शी व मुलचेरा भागांतील निर्वासितांच्या वस्त्यांत बंगाली. बाजारापुरते मराठी सर्वांस येते. परंतु ‘समायोजन’, ‘पटसंख्या’, ‘विनियोग’ हे शब्द बाजारात विकत मिळत नाहीत. ते ज्याला समजतात तो बोलतो, आणि ज्याला समजत नाहीत तो मान डोलावतो.

समजा, नाल्यापलीकडच्या एका लहान वस्तीवर दोन वर्गांची शाळा आहे. मुले सहासातच उरली आहेत. अशा शाळांविषयी सरकारी धोरण काय असते ते सर्वांस ठाऊक आहे. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने दहापेक्षा कमी मुले असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून तेथील मुले जवळच्या शाळांत पाठविण्याचे ठरविले होते. तर सभा भरते. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ह्या सदराखाली कागद वाचला जातो की, ह्या शाळेतील मुलांचे मोठ्या गावच्या शाळेत समायोजन करण्यास समितीची हरकत नाही. (ह्या सदराविषयी एक शब्द येथेच सांगून टाकतो: विषयपत्रिकेत जो विषय उघड घालण्यास संकोच वाटतो, तो बहुधा ह्याच दाराने आत येतो.) अंतर कागदावर थोडेच आहे, आणि नियमांत बसते. नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एका किलोमीटरच्या आत शाळा असावी असे आहे. पण नाला श्रावणात कोठपर्यंत चढतो, हे कागदास ठाऊक नाही. ते त्या कोपऱ्यात बसलेल्या बाईस ठाऊक आहे. पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडाचा जगाशी संबंध तुटतो, हे वर्तमानपत्रांत छापून येते. लहान नाल्यांचे पूर कोणी छापीत नाही. ती बाई बोलत नाही. ठराव होतो. सर्वानुमते मंजूर. पुढे आषाढ-श्रावणात तिचे लेकरू घरी बसते, आणि त्याच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा पडतो.

येथे कोणावर कपटाचा आरोप करण्याचा हेतू नाही. त्या सभेत कोणी ओरडले नाही, कोणी कोणाचा हात धरला नाही. सारे सुव्यवस्थित झाले. आणि नेमकी हीच गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सभेतील सुव्यवस्था हा सद्गुण खरा, पण ती कोणाच्या कामी येते?

गोंधळाची सभा कोणाच्या हिताची नसते, हे आधी मान्य केले पाहिजे. जेथे चौघे एकदम बोलतात, तेथे ज्याचा आवाज मोठा त्याचेच ऐकू येते, आणि मोठा आवाज हा बहुधा मोठ्या शेताचा किंवा मोठ्या पगाराचा असतो. हेन्री रॉबर्ट नावाचा अमेरिकन सैन्यातील एक अभियंता होऊन गेला. १८६३ साली न्यू बेडफोर्ड गावी चर्चमध्ये भरलेल्या एका सभेचे अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडले. सभा कशी चालवावी हे त्यास ठाऊक नव्हते. सभेचा पार विचका झाला. त्या फजितीने तो इतका ओशाळला की त्याने सभानियमांचा अभ्यासच आरंभिला, आणि १८७६ साली त्याचे पुस्तक निघाले. आज जगभर अनेक मंडळांच्या सभा त्या पुस्तकास प्रमाण मानून चालतात. एका वेळी एकच विषय, एका वेळी एकच वक्ता, जो एकदा बोलला त्याने न बोललेल्यास आधी वाट द्यावी, बोलणे अध्यक्षास उद्देशून असावे: असल्या नियमांच्या मुळाशी दुबळ्याचे संरक्षणच आहे. बहुमताने निर्णय करावा, परंतु अल्पमताचे ऐकून घेतल्याशिवाय करू नये, आणि जो गैरहजर आहे त्याचाही हक्क बुडवू नये, ही त्या नियमांची दृष्टी.

परंतु कुंपण पिकासाठी घातले तरी फाटकाची किल्ली कोणाच्या कमरेस आहे, ते पाहावे लागते. ज्यास नियम पाठ आहेत, त्याच्या हाती तेच नियम भिंत होतात. एखादी म्हातारी धीर करून उठते आणि आपल्या नातवाचे गाऱ्हाणे सांगू लागते. ती आधी पावसाचे सांगते, मग जावयाचे, मग कोठे नातवावर येते. अध्यक्ष म्हणतात, “आजी, विषयाला धरून बोला.” नियम बरोबर आहे. आजी खाली बसतात, आणि पुन्हा कधी उठत नाहीत. ज्याने विषयाला धरून बोलावे कसे हे शाळेत शिकून घेतले, त्याच्यासाठी हा नियम केलेला दिसतो. आणि जिच्या वेळी गावात शाळाच नव्हती, तिला तो लागू करण्यात येतो. आमच्या मते त्या सभेत नियम मोडला असता तर सभा अधिक सुव्यवस्थित झाली असती.

आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात ह्या प्रश्नाचे एक उत्तर पुष्कळ वर्षांपासून आचरणात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे लहानसे गाव. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही त्याची घोषणा दूरवर गेली आहे. घोषणेपेक्षा त्यांची सभेची रीत अधिक लक्ष देण्यासारखी आहे. तेथील ग्रामसभेत हात वर करून मते मोजीत नाहीत. निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध उरला तर विषय पुढच्या सभेवर जातो. आणि दुसरी गोष्ट, जी आम्हांस पहिलीहून मोठी वाटते: तेथे अभ्यासगट व ग्रामसभा ही वेगळी ठेविली आहेत. अभ्यासगटात विषयाची माहिती काढावी, बाहेरच्या जाणत्यांस विचारावे, वाद घालावा, पण निर्णय करू नये. निर्णय करावा तो ग्रामसभेने. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल ह्यांची नावे ह्या कामाशी जोडलेली आहेत. २००९ साली ह्या गावास सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक ठरले. २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तेथे आले व बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. ज्या गावाला वर्षानुवर्षे वनखात्याच्या दारी उभे राहावे लागले, ते गाव स्वतः परवाना देऊ लागले. एवढे काम, सावकाश चालणाऱ्या सभेने केले.

ठरविण्यापूर्वी समजून घेण्याची जागा निराळी ठेवणे, ह्यात केवढे शहाणपण आहे! आपल्या शाळासमितीत दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत उरकतात. कागद तेथेच पहिल्याने ऐकावयाचा आणि आंगठाही तेथेच द्यावयाचा. मग ती बाई गप्प राहिली तर आश्चर्य कसले? तिला घरी जाऊन, नवऱ्याशी, सासूशी, शेजारणीशी आपल्या बोलीत बोलून घेण्यास एक रात्रही मिळाली नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, तिचाही हेतू हाच. आणि वनहक्काच्या नियमांत २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तीप्रमाणे ग्रामसभेच्या गणपूर्तीस निम्मे सभासद लागतात, शिवाय हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. नुसती डोकी मोजून भागत नाही, कोणाची डोकी हेही पाहावे लागते, हे कायदा करणाऱ्यांसही कळून चुकले आहे.

जे वाचक आपल्या मंडळीत पवित्र शास्त्र वाचून दाखवितात, त्यांस येथे प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथेही भांडण भाषेचेच होते. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होई, म्हणून कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस शिस्तीचा धडा दिला नाही. सर्व शिष्यांस बोलावून सात माणसे निवडावयास सांगितले. आणि निवडलेल्या सातांची नावे पाहिली तर ती सारीच्या सारी ग्रीक आहेत. ज्यांचे गाऱ्हाणे, त्यांच्याच भाषेच्या माणसांकडे वाटपाचे काम गेले.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, मग सर्वांची सहमती होईपर्यंत थांबावे, एवढेच तुमचे म्हणणे ना? नाही, आणि येथेच प्रश्न कठीण होतो. क्वेकर पंथाच्या लोकांत सभेत मते घेण्याची चाल नाही. सर्वांचे मन एक होईपर्यंत ते थांबतात. १६८८ साली अमेरिकेतील जर्मनटाउन येथील काही जणांनी लेखी निषेध केला की, माणसाने माणसास विकत घेणे हे पाप आहे. तो कागद एका सभेकडून दुसऱ्या सभेकडे गेला, आणि विषय जड आहे म्हणून बाजूस ठेविला गेला. सभांत गुलामांचे मालकही बसत होते. त्यांचे मन होईना. जॉन वूलमन नावाच्या एका शिंप्याने पुढे घरोघर पायी हिंडून त्यांची मने वळविण्यात आयुष्य घालविले व तो १७७२ साली वारला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची बंदी केली ती १७७६ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षे! सभा शांत होती, कोणाचा अपमान झाला नाही, प्रत्येकाचे ऐकून घेतले गेले. फक्त ज्यांच्या पायांत बेड्या होत्या ते सभेत नव्हते.

तेव्हा सर्वसहमतीचाही आंधळा जयजयकार करून चालणार नाही. शाळेच्या तांदळात कोणी हात मारीत असेल, आणि तो किंवा त्याचा भाऊ समितीत बसत असेल, तर त्याची सहमती मिळेपर्यंत मुलांनी उपाशी राहावे काय? गुरुजी आठवड्यातून तीन दिवस येत नसतील, तर त्यांचे मन वळेपर्यंत चौथीचा वर्ग तसाच पाचवीत ढकलावा काय? ह्या सर्व सभांत ज्याच्याविषयी बोलणे चालते, ते मूल सतरंजीवर कोठेच नसते. त्यास सही नाही, आंगठा नाही.

आम्हांस असे वाटते की, येथे माणसामाणसांत भेद करणे भाग आहे. ठरावाने ज्याच्या अंगावर ओझे पडावयाचे आहे, त्याची संमती खरी असली पाहिजे. ती मिळेपर्यंत थांबावे, दोन सभा लागोत की चार. नाल्यापलीकडची शाळा हलवावयाची तर नाल्यापलीकडच्या मातांनी आपल्या तोंडाने, आपल्या बोलीत, हो म्हटल्याशिवाय ती हलू नये. इतर सर्व सभासदांचे एकमत तेथे कवडीमोल आहे. पण ठरावाने ज्याचा अन्यायाचा लाभ तेवढा सुटणार आहे, त्याच्या संमतीसाठी एक दिवसही थांबण्याचे कारण नाही. तेथे बहुमत घ्यावे, त्याचा विरोध वहीत लिहावा आणि पुढे जावे. दोन्ही ठिकाणी एकच नियम लाविला, तर पहिल्या ठिकाणी दुबळा भरडला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी सबळ निसटतो. ओझे कोणाचे आणि लाभ कोणाचा हे प्रत्येक वेळी स्पष्ट दिसते असे नाही. कधी एकाच माणसाच्या ठायी दोन्ही असतात. तरीही अध्यक्षाने ठराव वाचण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःस विचारावा.

ज्यांस लिहितावाचता येते, अशांवर गावात सभेची वही लिहिण्याचे काम वारंवार येऊन पडते, आणि आमच्या वाचकांत असे बंधू पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती दिसते त्यापेक्षा अधिक सत्ता आहे. ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबविता येते. ठराव बोलीत सांगितला काय? न सांगितल्यास, सांगू शकेल असा माणूस समोरच बसलेला असतो, बहुधा एखादी शाळेत गेलेली मुलगी. नवरा बायकोच्या वतीने बोलला असेल, तर तिला एकदा नावाने विचारता येते. आणि जो बोलला नाही त्याच्या नावापुढे ‘बोलला नाही’ असे लिहिण्यास कोणत्या नियमाची आडकाठी आहे? वही लोकांस पाहावयास मोकळी आहे. वर्षाच्या शेवटी तीच वही चाळली म्हणजे कोणकोण बारा महिने गप्प होते, ते एका दृष्टीत दिसेल.

सभेची तारीख व वेळ ठरविणे हेही ह्याच कामात येते, पण त्यास कोणी महत्त्व देत नाही. चैत्रात दिवस उजाडण्यापूर्वी बायका मोहाच्या झाडांखाली असतात. मे महिन्यात तेंदूपाने तोडून, घरी आणून, पुडे बांधण्यात सारा दिवस जातो. पाऊस लागला की धानाचे रोवणे सुरू होते, आणि त्या दिवसांत सकाळी अकराची सभा ठेविली तर येतात ते पुरुषच. गुरुजींस अकराची वेळ सोयीची, हे खरे. पण रोवण्याच्या दिवसांतील सभा संध्याकाळी, चुली पेटण्याच्या आधी, शाळेऐवजी वस्तीवरच्या एखाद्या अंगणात भरविता येईल. गुरुजींस त्या दिवशी घरी परतण्यास उशीर होईल इतकेच. पुढच्या सभेची वेळ ठरविताना प्रथम त्या बायकांना विचारावे, आणि त्या जे सांगतील ते वहीत लिहून ठेवावे.